दोन सीटची गाडी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे ब्रेकताई म्हणत. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकवर पाय ठेवून बसण्यात तिची वीस-बावीस वर्षं गेली होती. गाडी दुसऱ्याच्या हातात आणि जीव आपल्या मुठीत, असा तो धंदा. समोरून ट्रक आला की शिकणारी माणसं डोळे मिटून घेतात, हे तिने इतक्यांदा पाहिलं होतं की आताशा तिला रागही येत नसे आणि हसूही येत नसे. ती नुसता पाय दाबायची आणि म्हणायची, "डोळे उघडा. गेला ट्रक."

संध्याकाळी बसने घरी जाताना, आता ब्रेक आपल्याकडे नाही, हे पायाला कळायचं नाही. बसवाल्याने वळणावर वेग कमी केला नाही की गर्दीत उभ्या उभ्या तिचा पाय जमिनीवर दाबला जायचा आणि पिंढरीत गोळा यायचा. घरी पोचेपर्यंत तिला वाटायचं, आपण दिवसभर शहरातल्या सगळ्या गाड्या एकटीने थांबवून आलो आहोत.

घरात माणसं तीन. ती, तिचा नवरा आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ. नवरा पाणीशुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर होता. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, त्यामुळे झोपेशी त्याचं कधी नीट जुळलंच नाही. दीर दुकानांवर दिव्यांच्या पाट्या बसवायचा. एका दुपारी तो शिडीसकट खाली आला आणि कमरेखालचं अंग त्याच्या हुकमाबाहेर गेलं. लग्न झालेलं नव्हतं, आईवडील आधीच गेलेले. "थोडे दिवस आमच्याकडे राहा," म्हणून त्याला आणलं, ते थोडे दिवस आता आठ-नऊ वर्षांचे झाले होते. त्याबद्दल घरात कधी कुणी कुरकुर केली नाही. कुरकुर करायलासुद्धा अंगात थोडी ताकद शिल्लक असावी लागते.

दाराशी एक मोठी व्हॅन उभी असायची. मागचं दार उघडलं की रॅम्प खाली यायचा आणि चाकाची खुर्ची थेट आत जायची. व्हॅन नवरा चालवायचा. दवाखाना, व्यायामाचं केंद्र, परत दवाखाना. व्हॅन फार उपयोगाची होती. पण बादलीवर किंवा इस्त्रीवर जितकं प्रेम करतात, तितकंच त्या व्हॅनवर घरात कुणाचं होतं.

एका संध्याकाळी तिघं जेवायला बसली असताना ती म्हणाली, "माझी ती विम्याची पॉलिसी पिकली. मी गाडी घ्यायची म्हणते."

"घे की," नवरा म्हणाला. "बसची कटकट तरी संपेल. एखादी छोटी, ऑटोमॅटिक..."

"स्पोर्ट्स कार घ्यायचीय."

नवऱ्याचा घास तोंडापर्यंत जाऊन तिथेच थांबला. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग भावाकडे. "घरचं झालं थोडं..." तो म्हणाला.

"अन् व्याह्याने धाडलं घोडं!" दिराने म्हण पुरी केली आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने डोळे पुसले. "वहिनी, किती घोड्यांची हवी ते सांगा फक्त."

खरं तर हे खूळ डोक्यात कुठून शिरलं ते तिला माहीत होतं, पण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. महिन्यापूर्वी ती गाडी शिकणाऱ्या एका दर्जीणबाईंना घेऊन सिग्नलला थांबली होती. शेजारी एक बुटकी, हिरवी, उघड्या छपराची गाडी येऊन उभी राहिली. गाडीत तिच्याच वयाची एक बाई होती. ती काही करत नव्हती. फोनवर बोलत नव्हती, घड्याळ पाहत नव्हती, सिग्नल कधी सुटतोय याचीही तिला घाई दिसत नव्हती. नुसती बसली होती. मग दिवा हिरवा झाला, गिअर पडल्याचा आवाज आला आणि गाडी गेली. इकडे दर्जीणबाईंची गाडी बंद पडली, मागचे लोक हॉर्न वाजवू लागले, आणि ब्रेकताईला एकदम जाणवलं की आपण इतकी वर्षं गाडीत आहोत, पण गाडी अशी चालवलीच नाही. आपण फक्त थांबवतो.

दिराने दुसऱ्याच दिवसापासून कामाला हात घातला. टॅबलेट मांडीवर घेऊन तो दिवसभर जुन्या-नव्या गाड्या शोधायचा आणि ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच सुरू व्हायचा. "लोक म्हणतील, उंटावरचा शहाणा," तो म्हणायचा. "माझा उंट चाकांचा आहे एवढंच. बसा. पहिला प्रश्न. गाडी रोजची हवी की रविवारची?"

"म्हणजे?"

"रविवारची असेल तर सगळं चालतं. कडक सस्पेन्शन, डिकी नाही, पेट्रोल ढोसते, पाठ मोडते. आठवड्यातून एकदा मजा करायची आणि झाकून ठेवायची. रोजची म्हटली की जरा माणसात असावी लागते. गर्दीत तापायला नको, स्पेअर पार्ट मिळायला हवेत."

"रविवारची?" आतून नवरा म्हणाला. तो रात्रपाळीला जायच्या तयारीत मोजे शोधत होता. "आपल्याला रविवार असतो कुठे?"

ते बरोबरच होतं. इतर दिवशी सकाळी एक मदतनीस यायचा आणि दिराची अंघोळ, व्यायाम उरकून जायचा. रविवारी त्याला सुट्टी. मग ते सगळं या दोघांकडे. त्यात आठवड्याचं धुणं, दिराच्या गादीची उलटापालट, औषधांचा डबा भरणं. दुपारी जेवून दोघं आडवी व्हायची आणि उठायची तेव्हा सोमवार खिडकीत उभा असायचा.

ती बूट काढत म्हणाली, "रोजचीच बघा, भाऊजी. रविवारसाठी राखून ठेवलेली मजा रविवार येईपर्यंत नासते. मला कामावर जाता-येता जेवढी मिळेल तेवढी पुरे."

दिराने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि टॅबलेटवर काहीतरी खोडलं. "मग निम्म्या गाड्या बाद," तो म्हणाला.

पहिली गाडी पाहिली ती नवीकोरी. दिराच्या मते ती हाताबाहेरची होती, पण निदान बघून यायला काय हरकत आहे, म्हणून नवरा-बायको शोरूममध्ये गेली. काळी, सपाट, चिडलेल्या माशासारख्या तोंडाची गाडी होती. विक्रेता तरतरीत होता. त्याने तिच्या नवऱ्याच्या हातात किल्ली ठेवली.

"मी नाही हो," नवरा म्हणाला. "या चालवणार."

विक्रेता शेजारी बसला आणि ती निघाली. वळणाआधी आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून खात्री. पिवळ्या दिव्याला गाडी थांबली. रिकाम्या चौकातही थांबली. विक्रेत्याने थोडा वेळ धीर धरला, मग म्हणाला, "मॅडम, दाबा की जरा."

तिने दाबलं. गाडी अशी काही उसळली की विक्रेत्याचा पाय सपकन पुढे गेला आणि जमिनीवर घट्ट रोवला गेला. तो पाय तिने ओळखला. "तिथे ब्रेक नसतो," ती म्हणाली.

विक्रेता कसनुसा हसला. "तशी काळजी नाही, मॅडम. समोर काही आलं तर ही गाडी स्वतःच ब्रेक लावते. लेन सोडली तर स्वतःच सरळ होते. तुम्हाला काही करावंच लागत नाही."

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

याचं उत्तर त्याच्या माहितीपत्रकात नव्हतं. परत आल्यावर त्याने किंमत सांगितली, नवऱ्याने "बरं, विचार करून कळवतो" असं म्हटलं, आणि दोघं बसस्टॉपवर येऊन उभी राहिली. "नाकापेक्षा मोती जड," नवरा म्हणाला. तिचं डोकं दुखत होतं. त्या गाडीतही तिला कुणीतरी शिकवायला बसल्यासारखं वाटलं होतं.

दुसरी गाडी नवऱ्याने शोधली, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर फार विचार करून शोधली. चार दारांची, छोटी, निळी, दिसायला साधी हॅचबॅक, पण आत तगडं इंजिन. दोन-तीन वर्षं वापरलेली. त्याने कागदावर चित्रच काढलं. "हे बघ. पुढची सीट पूर्ण मागे जाते, म्हणजे छोटूला खुर्चीतून फळीवरून सरकवता येईल. खुर्ची घडी करून डिकीत मावते, मी मोजलंय. तुला हवा तेवढा वेग आहे. रोज कामावर ने, रविवारी आपण तिघं कुठेतरी जाऊ. सगळंच साधलं."

तिने चित्र पाहिलं. डिकीच्या जागी त्याने खुर्चीची दोन चाकं सुद्धा काढली होती, रात्रपाळीच्या टेबलाशी बसून, पेनने. या माणसाला ती नाही म्हणू शकली नसती. आणि नाही म्हणायला खरं कारण तरी काय होतं? गाडी चांगली होती. ती चालवून आली तेव्हा तिला आवडलीही. अगदी जीव जडावा अशी नाही, पण या वयात जीव जडायला हवाच असं कुठे आहे, असं तिने स्वतःला समजावलं.

शनिवारी तिघं व्हॅनने त्या गाडीवाल्याच्या आवारात गेली. दिराने बसून पाहायचं आणि मग पक्कं करायचं, असं ठरलं होतं. नवऱ्याने खुर्ची गाडीच्या दाराशी लावली, मध्ये ती गुळगुळीत लाकडी फळी टाकली. हे रोजचं काम होतं. दिराचे हात पाट्या उचलून उचलून दणकट झालेले, फळी असली की तो पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कुठेही बघता बघता जायचा.

त्या दिवशी तो अर्ध्यात थांबला. "आई गं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"खांदा. दादा, थांब, ओढू नकोस." त्याने पुन्हा प्रयत्न केला, तोंड वाकडं केलं, पुन्हा खुर्चीत सरकला. "नाही रे. फार खाली आहे सीट. गेलो तर परत वर येणार नाही. मला नाही जमायचं यात."

"पुन्हा बघ. मी धरतो ना."

"नाही जमत म्हटलं ना दादा!"

आवारात उभा असलेला गाडीवाला दुसरीकडे पाहू लागला. नवऱ्याने फळी उचलली आणि शर्टाच्या बाहीने पुसत राहिला, स्वच्छच होती तरी.

घरी आल्यावर नवरा कामावर गेला. ती स्वयंपाकघरातलं आवरून दिराच्या खोलीत गेली आणि रोजच्यासारखी त्याच्या पायांना तेल चोळायला बसली. त्या पायांना काही कळत नसे, पण रक्त फिरायला हवं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं. टाचा तपासायच्या, कुठे लाल झालंय का बघायचं, बोटं एकेक करून मोकळी करायची.

"खांदा कसा आहे?" तिने विचारलं.

"बरा आहे."

"त्या डॉक्टरीणबाईंची गाडी आठवते का, भाऊजी? गेल्या वर्षी व्हॅन बंद पडली तेव्हा त्यांनी सोडलं होतं घरी. या निळ्या गाडीपेक्षा चांगली वीतभर खाली होती. तुम्ही हसत हसत बसलात आणि हसत हसत उतरलात."

दीर चादरीची घडी सारखी करू लागला.

"खोटं कशाला बोललात?"

"तुम्ही घेतली असती म्हणून."

"घेतली असती! चांगली गाडी होती!"

"होती की. माझ्यासाठी." त्याने मागची उशी ओढून पाठ सरळ केली. "वहिनी, मी तुम्हाला इतकी वर्षं बघतोय. हॉटेलात जायचं तर तुम्ही आधी फोन करता, पायऱ्या किती आहेत. कुणाच्या लग्नाला जायचं तर दार केवढं आहे. डोंगर, बाग, दुकान, मैत्रिणीचं घर, सगळीकडे आधी माझी खुर्ची जाते आणि मग तुम्ही. तुमच्या डोक्यात कायम एक टेप असतो मोजायचा. एक तरी जागा अशी असू दे ना, जिथे मी मावत नाही."

तिचे हात थांबले. तिला राग आला, आणि तो कुणाचा आला हे तिला कळेना. "म्हणजे तुम्ही मला जड झालात असं मी कधी दाखवलं?"

"कधीच नाही."

"मग?"

"तेच तर. एकदा तरी दाखवा. मलाही दिलासा मिळेल." तो हसला, पण हसू लगेच विझलं. "मी मला किती वेळा नकोसा होतो, माहितीये? आणि तुम्ही दोघं अशी चांगली वागता की मला ते बोलायचीही चोरी. या घरात थकलोय म्हणायला सगळे घाबरतात. तो दादा, झोपेत चालल्यासारखा चालतो. विचारलं की म्हणतो, मस्त आहे."

तिने तेलाची बाटली बंद केली, हात पुसले आणि त्याच्या पलंगाच्या कडेवरच बसून राहिली. "मी फार दमलेय, भाऊजी," ती म्हणाली. हे वाक्य तोंडातून निघाल्यावर घरात काही पडलं नाही, फुटलं नाही.

"मीही," दीर म्हणाला.

दिवा लावायचंही कुणाच्या लक्षात आलं नाही.

नवऱ्याला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं, सगळं नाही, पण मुख्य ते सांगितलं. त्याला लागलं. त्याने इतकी मोजमापं घेतली होती. "मी आपलं सगळ्यांचं बघायला गेलो," तो म्हणाला, "आणि त्याने मलाच उल्लू बनवलं." दोन दिवस तो भावाशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी मात्र तिने पाहिलं, दोघं भाऊ एकाच टॅबलेटवर वाकले होते आणि धाकटा थोरल्याला समजावत होता, "अरे, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. वजन कमी. म्हणून वळणावर मजा."

"आणि मागे बसायचं कुठे?"

"मागे बसायचंच नसतं, दादा. दोनच सीट."

"आणि सामान?"

"तेही नसतं. एक पर्स मावेल."

"हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच," नवरा म्हणाला, पण आवाजात कुरकुर राहिली नव्हती.

ती तिसरी गाडी एका नृत्यशिक्षिकेची होती. गावाबाहेरच्या वस्तीत त्यांचं बैठं घर होतं. त्यांनी दार उघडलं तेव्हा हातात काठी होती. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. "गाडीत बसता येतं," त्या म्हणाल्या, "पण उतरायचं म्हणजे शेजाऱ्यांना हाका मारायला लागतात. मागच्या महिन्यात दूधवाल्याने बाहेर काढलं मला. तेव्हा ठरवलं, आता पुरे."

गॅरेजमध्ये गाडी उभी होती. करड्या रंगाची, बुटकी, कापडी छपराची. पंधराएक वर्षांची असावी. त्यांनी काठीच्या टोकाने एकेक दोष दाखवला, जणू विद्यार्थिनींच्या चुका काढत होत्या. मागच्या चाकाच्या कमानीला गंज. छपराच्या रबराला एका कोपऱ्यात चीर, धुताना पाणी आत येतं. रेडिओ बंद. "क्लच मात्र नवा टाकलाय. आणि इंजिनाबद्दल तक्रार नाही. मी रोज क्लासला हीच नेत होते. झाकून ठेवली असती तर केव्हाच मेली असती."

दिराने तपासायला सांगितलेल्या गोष्टी नवऱ्याने पाठ करून आणल्या होत्या. तो गुडघ्यावर बसून खाली डोकावला, तेल कुठे गळतंय का पाहिलं, चारही टायरांवरून हात फिरवला. मग उठून हात झटकत म्हणाला, "जा, चालवून ये."

"तुम्ही नाही येत?"

"तू जा."

ती बसली. सीट जमिनीलगत, पाय सरळ पुढे. गिअरचा दांडा बोटभर हलवला की काम झालं. छप्पर मागे घेतलेलं होतं. वस्तीतल्या गल्लीतून ती जपून बाहेर आली, आरसा, इंडिकेटर, मान. मग मोठा रस्ता आला आणि तो रिकामा होता. दोन्ही बाजूंना गोदामं, पुढे लांबवर एक वळण. तिने दुसरा टाकला, तिसरा टाकला. इंजिनाचा आवाज वाढला आणि तो तिला पाठीतून कळला. वळण आलं. नेमकं किती वेगाने घ्यायचं ते ती रोज दहा जणांना सांगत होती. तिने ते स्वतःला सांगितलं नाही. हात वळले, गाडी वळली, पलीकडे पुन्हा सरळ रस्ता.

फार काही झालं नाही. वेगही फार नव्हता, शेजारून गेलेल्या टेम्पोने तिला मागे टाकलं. पण शेजारची सीट रिकामी होती. कुणी चुकणार नव्हतं, कुणाला सावरायचं नव्हतं. एका गोदामाच्या फाटकाशी तिने गाडी कडेला घेतली आणि जराशी रडली. दुःख झालं म्हणून नव्हे. ओझं उतरवून ठेवल्यावर हात आपोआप थरथरतात, तसं ते होतं. मग नाक पुसलं आणि परतली.

नवरा फाटकात उभा होता. त्याने तिचे डोळे पाहिले आणि नृत्यशिक्षिकेकडे वळून म्हणाला, "बाई, आता भाव करायची माझी सोय राहिली नाही हो."

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मीही पहिल्या दिवशी अशीच आले होते." तरी गंजाच्या नावाने त्यांनी आपणहून थोडे कमी केले.

गाडी घरी आली. व्हॅनच्या शेजारी ती उभी केली तेव्हा म्हशीशेजारी करडू बांधल्यासारखं दिसलं. दीर खुर्ची घेऊन अंगणात आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला. "झकास," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

पहिले काही दिवस तिचं मन त्याच्यासाठी खात होतं. एका संध्याकाळी ती घरी आली ती मोठ्या रस्त्याऐवजी तलावाकाठच्या रस्त्याने. वाऱ्याने केसांचा झाडू झालेला. दीर खिडकीत बसला होता. "भाऊजी, आज काय झालं सांगू?" तिने सुरुवात केली. "तलावाजवळ..."

त्याने हात वर केला. "नको, वहिनी."

"अहो, ऐका तरी..."

"ते तुमचं. इथे आणू नका. इथे आणलंत की त्यातही मला बसवाल." तो रागावला नव्हता. त्याने विषय बदलला, फ्रिजमधलं दूध संपल्याचं सांगितलं. ती थोडी खट्टू झाली, पण नंतर भाजी चिरताना तिला ते पटलं. तलावाजवळ काय झालं ते तिने कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. असं फक्त आपलं काही तिच्यापाशी फार वर्षांत नव्हतं.

गाडीने चमत्कार केला असं कुणी समजू नये. ड्रायव्हिंग स्कूल तेच होतं, शिकणारे ट्रक पाहून डोळे मिटतच होते. घरी आल्यावर पायांना तेल चोळायचंच होतं, धुणं होतंच. पेट्रोलही लागत होतं, आणि एकदा धुताना चिरेतून आलेल्या पाण्याने सीट ओली होऊन ती कामावर ओल्या साडीने गेली, तेव्हा स्कूलच्या मालकाने आठवडाभर चेष्टा केली. ती दमतच होती. फरक इतकाच पडला, की दमलेय असं आता ती म्हणायची. दीरही म्हणायचा. एकदा तर नवरासुद्धा मोजे काढता काढता म्हणाला, "आज माझ्याने काही होणार नाही, मला कुणी हाक मारू नका," आणि त्यावर दोघांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे दिरानेच मदतनिसाला गळ घालून रविवार सकाळसाठी त्याच्या चुलतभावाला ठरवलं. दोघांना न विचारता ठरवलं. "माझी अंघोळ, माझा माणूस," तो म्हणाला. "तुम्ही झोपा, नाहीतर कुठेही जा. घरात घुटमळू नका म्हणजे झालं."

त्या पहिल्या मोकळ्या रविवारी तिला झोप लागली नाही. सवयच नव्हती. चहा पिऊन ती थेट पाणीशुद्धीकरण केंद्राकडे निघाली. रात्रपाळी सुटून नवरा नेहमीसारखा केंद्राच्या बसकडे चालला होता, हातात डब्याची पिशवी, दाढी वाढलेली. फाटकाशी करडी गाडी पाहून तो धसकला.

"काय झालं? छोटू बरा आहे ना?"

"सगळं बरं आहे. सहज आले."

"सहज?" तो शब्द पहिल्यांदा ऐकल्यासारखा उभा राहिला. मग दार उघडून आत शिरू लागला. आधी पाय, मग डोकं, मग पुन्हा पाय बाहेर. "अगं, हे गुडघे कुठे ठेवू?"

"आणलेत कशाला?"

तो हसत हसत कसाबसा बसला. पट्टा लावला, पिशवी मांडीवर धरली. केंद्राच्या भिंतीला वळसा घालेपर्यंत तो टाक्यांमधल्या पाण्याबद्दल काहीतरी सांगत होता, मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याचे शब्द एकमेकांत अडकू लागले, आणि पहिल्या सिग्नलला तिने पाहिलं तेव्हा त्याची मान खांद्यावर पडली होती. तोंड किंचित उघडं, केस वाऱ्याने उलटे. झोपेत तो फार म्हातारा दिसत होता, आणि तसं पाहिलं तर ती तरी कुठे तरुण होती.

घराचं वळण आलं. तिने इंडिकेटर लावला, मग बंद केला आणि सरळ गेली. गाड्या कमी होत गेल्या, शहर मागे पडलं. गिअर बदलताना हिसका बसू नये म्हणून ती क्लच अगदी हळू सोडत होती. एका खड्ड्यावर गाडी उडाली तेव्हा तो जागा झाला.

"आलो का?"

"नाही अजून."

"बरं झालं," तो म्हणाला, पिशवी छातीशी घेतली आणि पुन्हा झोपला.

पुढे रस्ता टेकडीवर चढत होता. तिने तिसरा टाकला.